‘घरी बसा’ म्हणण्याआधी

परवा सिद्धेश्वरला जाण्याचा योग आला. पूर्णा नदीवरचे हे धरण आपल्या वाचकांना नवे नाही. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. हिंगोली शहरात नळाला जे पाणी येते ते याच जलाशयातले. गावात रक्तदाब आणि मधुमेह तपासणीचे एक छोटेसे शिबिर होते, त्यासाठी मी गेलो होतो. काम आटोपल्यावर एका जुन्या पेशंटच्या घरी डोकावलो.

मामा ओट्यावर बसून जाळे दुरुस्त करीत होते. जाळ्याचे एक टोक उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेले, दुसरे दातात धरलेले आणि गाठ मारायला डावा हात. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. ज्या हाताने हा माणूस पहाटेच्या अंधारात तराफ्यावर उभा राहून जाळे फेकत असे, तो हात आता मांडीवरून उचलून ठेवावा लागतो.

वाचकहो, मामांना कोरोना झाला नव्हता. त्यांच्या घरात कुणालाच झाला नव्हता. तरीही मामा कोरोनाच्या साथीचेच रुग्ण आहेत असे मी मानतो. आणि त्यांच्या आजाराचा थोडा वाटा माझ्याकडेही येतो. तो कसा, हे सांगण्यासाठीच हा लेख.

मी दिलेला सल्ला

मार्च २०२० चा तिसरा आठवडा. राज्यातला पहिला रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडला होता. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, २३ ला राज्यात संचारबंदी आली आणि २४ च्या मध्यरात्रीपासून सगळा देश बंद झाला. त्याच्या दोन-तीन दिवस आधी मामा दवाखान्यात आले होते. वय पन्नाशीच्या पुढे, रक्तदाबाचा जुना विकार. मी महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावून सांगितले, “मामा, तुम्हाला धोका जास्त आहे. घराबाहेर पडू नका. दवाखान्यातसुद्धा उगाच येऊ नका. घरी बसा.”

मामांनी ऐकले. अगदी अक्षरशः ऐकले.

गोळ्या एप्रिलच्या शेवटी सरल्या. एस.टी. बंद होती, ती जिल्ह्यांतर्गत सुरू झाली २२ मे रोजी. रस्त्यावर पोलीस. मासेमारीला मधल्या काळात कागदावर सूट मिळाली होती, पण आठवडी बाजार बंद, व्यापाऱ्याची गाडी येत नाही, बर्फ मिळत नाही. मग पाण्यातला मासा काढून करायचे काय? आजूबाजूच्या बाजारांत पाटी घेऊन बसणाऱ्या मावशी घरीच होत्या. रोजची आवक शून्य झाली. अशा घरात पहिली काटछाट कशावर होते? ज्याने पोट भरत नाही आणि जे नाही घेतले तरी आज काही दुखत नाही, त्यावर. रक्तदाबाची गोळी नेमकी तशी असते.

जूनमध्ये एका सकाळी मामांचे तोंड वाकडे झाले. बोलणे बोबडे झाले, उजवा हात लुळा पडला. घरच्यांनी दिवसभर वाट पाहिली. तालुक्याला नेले की कोरोनाच्या वॉर्डात टाकतील, मग भेटूही देणार नाहीत, ही भीती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते डॉक्टरांपुढे पोचले. तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते.

पुढे मावशी मला भेटल्या तेव्हा मी विचारले, “गोळ्या का बंद केल्या? मला निरोप तरी द्यायचा.”

त्या रागावल्या नाहीत. सरळ म्हणाल्या, “तुमीच म्हणलं होतं ना डाक्टरसाहेब, दवाखान्यात यायचं नाही, घरी बसा. बसले की ते.”

मला उत्तर सुचले नाही. मी ‘घरी बसा’ सांगितले होते, ते चूक नव्हते. पण घरी बसल्यावर गोळी कुठून आणाल, पैसे कुठून येतील, तोंड वाकडे झाले तर काय कराल, हे मी विचारलेच नाही. औषध देताना त्याचे दुष्परिणाम सांगायचे असतात, हे पहिल्या वर्षाला शिकलेला डॉक्टरही जाणतो. मी ते विसरलो होतो.

निर्बंध चुकीचे होते काय?

असा प्रश्न आला की काही मंडळी लगेच म्हणतात, सगळा खेळच होता, विनाकारण बंद ठेवले. मला ते मान्य नाही. आपल्या हिंगोलीतच एप्रिल २०२० च्या अखेरीस मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव दलाच्या जवानांमध्ये लागण आढळली. गर्दीच्या ठिकाणी राहून आलेल्या तरण्याबांड माणसांना हा रोग किती झपाट्याने धरतो, ते आपण डोळ्यांनी पाहिले. पुढच्या वर्षी १८ एप्रिल २०२१ रोजी महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. प्राणवायूच्या सिलिंडरसाठी लोक रात्रभर फिरत होते. तेव्हा गर्दी थांबवणे हाच पहिला उपाय होता. लस यायची होती किंवा नुकती आली होती. आपल्याकडे लसीकरण सुरू झाले ते १६ जानेवारी २०२१ पासून, आणि तेही आधी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी.

तेव्हा निर्बंध हे औषध होते, आणि जालीम औषध होते. पण प्रत्येक जालीम औषधाला तीन गोष्टी पाहाव्या लागतात. मात्रा किती, किती दिवस, आणि सोबत काय द्यायचे. पोट जाळणारी गोळी देताना आपण जेवणानंतर घ्यायला सांगतो. निर्बंधांच्या बाबतीत हे ‘जेवणानंतर’ फार थोड्यांच्या वाट्याला आले.

खिशातून रक्तात

रोजगार आणि आरोग्य या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी आहेत असे आपण समजतो. दवाखान्याच्या खुर्चीवरून पाहिले तर तसे दिसत नाही.

औंढा नागनाथचेच पाहा. २१ फेब्रुवारी २०२० ची महाशिवरात्र झाली आणि महिन्याच्या आत राज्यातली देवळे बंद झाली. ती उघडली १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि घटस्थापनेला, ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. दोन्ही मिळून जवळजवळ १४ महिने. मधल्या काळात आपल्या जिल्ह्यात १ ते ७ मार्च २०२१ अशी आठवडाभराची संचारबंदीही झाली, आणि लगेच ११ मार्चला महाशिवरात्र होती. त्या वर्षी नेहमीसारखी यात्रा भरली नाही. बेल-फुलांची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचे, प्रसादाच्या दुकानाचे, चहाच्या हॉटेलचे, पाळणेवाल्याचे वर्षाचे गणित त्या चार दिवसांवर असते.

अशाच एका हॉटेलवाल्याने त्या काळात माझ्याकडे येऊन छातीत धडधडते म्हणून सांगितले. हृदयाचा आलेख काढला, तो बरा होता. झोप लागत नव्हती. खोदून विचारले तेव्हा कर्ज निघाले. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये हप्ते पुढे ढकलण्याची सवलत जाहीर केली होती, ती ऑगस्टअखेरपर्यंत चालली. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबले नव्हते, हे त्याला नंतर कळले. त्याची साखर त्या वर्षी जी वाढली ती मी गोळ्या वाढवूनही लवकर आटोक्यात आली नाही. काळजीने शरीरात जे रस सुटतात ते साखर आणि रक्तदाब दोन्ही चढवतात. ही काही पुस्तकातली गोष्ट नव्हे, आमच्या रोजच्या तपासणीतली आहे.

देशाच्या पातळीवर हाच प्रकार मोठ्या आकड्यांत दिसला. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने घटले. तेव्हा वाढ झाली ती मुख्यतः शेतीत. आपला जिल्हा शेतीचा, म्हणून आपण वाचलो असे वरवर वाटेल. पण नांगर चालला तरी बाजार चालत नव्हता. हळद काढून, शिजवून, वाळवून घरात पडलेली आणि बाजार समितीचे व्यवहार कधी बंद, कधी सुरू. ज्याची स्वतःची हळद नाही, जो दुसऱ्याची हळद काढायला जातो, त्याची मजुरी तर अशीच अडकली.

आणि मराठवाड्याचा ऊसतोड कामगार? हंगाम संपत आला असताना तो कारखान्यांच्या आवारात अडकला. १७ एप्रिल २०२० रोजी शासनाने त्यांना गावी परतू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अशा कामगारांची संख्या सव्वा लाखाच्या पुढे होती. ८ मे रोजी औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) करमाड येथे, रुळांवर थकून झोपलेल्या १६ मजुरांचा मालगाडीखाली अंत झाला. ते मध्य प्रदेशात आपापल्या घरी चालले होते. त्यांच्या मृत्यूची नोंद कोणत्याही साथीच्या तक्त्यात नाही.

मदत झालीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गरीब कल्याण योजनेत माणशी ५ किलो मोफत धान्य मिळाले, महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये आले. रोजगार हमीची मजुरी आपल्या राज्यात २०६ वरून २३८ रुपये झाली आणि त्या वर्षी देशभर कामाची मागणी विक्रमी होती. या मदतीने उपासमार टळली. पण मावशींच्या घरी तांदूळ आला तेव्हा त्या पोत्यात रक्तदाबाची गोळी नव्हती. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये १० हजारांच्या कर्जाची योजना आली, तीही शहरांत विकणाऱ्यांसाठी होती. खेड्याच्या आठवडी बाजारात पाटी मांडणारी बाई तिच्यात बसत नव्हती.

जे रोग दिसेनासे झाले

निर्बंधांच्या काळात एक विचित्र गोष्ट घडली. काही रोग कमी झाल्यासारखे दिसले. २०१९ मध्ये देशात क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ती संख्या १८ लाखांवर आली. म्हणजे क्षय पळाला का? मुळीच नाही. खोकणारा माणूस तपासायला आला नाही, कारण खोकला म्हटले की कोरोना आणि कोरोना म्हटले की गाव वाळीत टाकेल ही भीती. यंत्रे आणि माणसे कोरोनाच्या कामाला लागलेली. शोध कमी झाला होता, रोग नव्हे. न शोधलेला क्षयरोगी घरात बसला, तोही बंद खोलीत, लेकरांसोबत.

तीच गत लसीकरणाची. २०२० च्या उन्हाळ्यात गावोगावची लसीकरण सत्रे काही काळ थांबली. पुढे ती सुरू झाली, पण हुकलेली सगळी मुले परत आली नाहीत. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव, भिवंडी येथे गोवरची साथ आली आणि त्यात लहान मुले दगावली. गोवरची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायची असते. मधली दोन वर्षे विस्कटली की साथ अशी उशिरा हिशेब मागते.

शाळेचेही तेच. शाळा बंद म्हणजे फक्त धडे बंद नव्हेत. दुपारचे शिजवलेले अन्न बंद. त्याऐवजी शिधा घरी दिला गेला, पण शाळेत लेकराच्या ताटात पडणारी खिचडी त्याच्याच पोटात जाते, घरी आलेला तांदूळ सगळ्यांच्या हंडीत जातो. आणि ज्या घरात कर्ता पुरुष आडवा होतो तिथे मोठ्या मुलाची शाळा सुटतेच. मामांचा मुलगा अकरावीत होता. तो पुण्याला एका गोदामात कामाला गेला, परत शिकायला आला नाही.

जुना धडा

साथ आणि सक्ती यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लोक रोगापेक्षा सरकारी उपायांना भिऊन पळाले. मुंबईची सुमारे निम्मी वस्ती शहर सोडून गेली, आणि पळणाऱ्यांबरोबर रोगही गावोगाव गेला. १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. तोच कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात लागू करण्यात आला. पुण्यात घरझडत्यांची जी जुलूमजबरदस्ती झाली तिचा शेवट रँडच्या खुनात झाला, हे शाळेत आपण सगळे शिकलो. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या.

एकाच शहरातली ही दोन उदाहरणे आहेत. एकाने रोग्याला घरातून ओढून काढले, दुसऱ्या बाईने रोग्याला दवाखान्यात पोचवले. उपाय वरवर सारखाच, रोग्याला वेगळे ठेवायचे. फरक होता तो सोबत जाण्यात. २०२० मध्ये आपल्या गावांत सोबत जाण्याचे काम बहुतेक ठिकाणी आशाताईंनी केले. तुटपुंज्या मानधनावर त्या दारोदार फिरल्या. त्यांच्या वहीत कोण परगावाहून आले याची नोंद होती. त्याच वहीत ‘कुणाच्या गोळ्या कधी सरतात’ असा एक रकाना असता, तर मामांचा उजवा हात कदाचित आज चालता असता. तो रकाना त्यांना आखून द्यायला हवा होता तो आम्ही डॉक्टरांनी.

पुढच्या वेळेसाठी

साथ पुन्हा येणार नाही असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि साथच कशाला? पूर आला, रस्ता तुटला, संप झाला तरी हीच वेळ येते. म्हणून पुढील गोष्टी आजच करून ठेवाव्यात, अशी विनंती.

१. रक्तदाब, मधुमेह, मिरगी, दमा, हृदयविकार यांच्या गोळ्या घरात नेहमी एक महिना पुढच्या ठेवाव्यात. त्यातल्या बऱ्याच गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तिथे नाव नोंदवून ठेवावे.

२. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बरे वाटते ते गोळीमुळेच वाटते. काही गोळ्या एकदम सोडल्या तर रक्तदाब उसळून वर जातो.

३. गोळ्यांची रिकामी पाकिटे फेकू नयेत. नावे वाचता येत नसली तरी ते पाकीट दुकानदाराला किंवा आशाताईला दाखवता येते. पैसे नसतील तर तसे डॉक्टरांना सांगावे. त्यात लाज नाही. महाग गोळीला बहुतेक वेळा स्वस्त पर्याय असतो.

४. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे बोबडे होणे, यातले एकही लक्षण अचानक दिसले तर तो अर्धांगवायूचा झटका समजावा. १०८ क्रमांकाला फोन करावा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन योग्य रुग्णाला साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही मोठ्या रुग्णालयात तपासणी झाल्यावर. म्हणून सकाळचे संध्याकाळवर ढकलू नये.

५. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. क्षयाचे औषध सुरू असेल तर एक दिवसही खंड पडू देऊ नये. लेकरांचे लसीकरण कार्ड काढून पाहावे. एखादा डोस हुकला असेल तर उशिरा का होईना, तो आरोग्य केंद्रात विचारून घ्यावा.

६. झोप उडाली, जीव नकोसा झाला, कर्जाने डोके फिरले, तर १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मनाचा आजारही आजारच आहे.

७. ग्रामपंचायतींना एक सुचवणे. गावातल्या नेहमीच्या रुग्णांची आणि रोजच्या कमाईवर जगणाऱ्या घरांची यादी तयार ठेवावी. निर्बंध आले तर पहिल्या आठवड्यात त्या यादीतल्या दारांवर जावे. आणि बाजार सरसकट बंद करण्याआधी तो मोकळ्या मैदानात, अंतर ठेवून, वारीने भरवता येतो का ते पाहावे. उघड्यावरच्या वाऱ्यात असा रोग बंद खोलीपेक्षा कमी पसरतो, हे आता आपल्याला माहीत आहे.

असो. निघताना मी मामांचा रक्तदाब मोजला. १३० वर ८४. चांगला होता. मावशींनी फळीवरचा एक डबा काढून दाखवला. त्यात गोळ्यांच्या चार पट्ट्या होत्या. “सरायच्या आदी आणून ठेवती आता,” त्या म्हणाल्या. “पाऊस आला, पूर आला, काय बी आलं तरी महिनाभर कुनाच्या तोंडाकडं बघायचं काम नाही.”

मामांनी मान हलवली आणि जाळ्याचा दोरा पुन्हा दातात धरला. शेजारच्या पोराचे जाळे होते ते. दुरुस्तीचे पैसे मिळतात, पण जाळे फेकणाऱ्याच्या कमाईच्या मानाने फारच थोडे.

तेव्हापासून मी कुणालाही ‘घरी बसा’ म्हणण्याआधी एक प्रश्न विचारतो. घरी काय आहे?